दिवा लागला, पण काम झाले का?

सर्वांनी मिळून चालवलेली कामाची खोली पुष्कळ वस्त्यांत असते. कुठे मंडळाच्या सभागृहामागची, कुठे महिला मंडळाच्या शिवणवर्गाची, तर कुठे वाचनालयाच्या माडीवर सुतारकामाचे टेबल टाकून तयार झालेली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या संस्थांत तर ही खोली हमखास सापडते, कारण गणपतीची आरास तिथेच व्हायची असते. अशा खोलीत झाडू मारायला माणूस मिळतो, कुलूप लावायलाही मिळतो. विजेच्या तारा मात्र कोणाच्याच नसतात.

आमच्या परिचयातील एका मंडळाच्या खोलीत तीसएक वर्षांपूर्वीची, लाकडी पट्टीवरून नेलेली अॅल्युमिनियमची तार होती. ती टाकली तेव्हा तिथे दोन दिवे आणि एक पंखा होता. मग शिवणवर्ग आला, शिवणयंत्रांना मोटारी बसल्या, इस्त्र्या आल्या. तरुण मुलांनी ड्रिल आणि ग्राइंडर आणले. कोणीतरी चहासाठी विजेची किटलीही भेट दिली. प्रत्येक वस्तू चांगल्या हेतूने आली आणि तार मात्र तीच राहिली. फ्यूज वारंवार उडू लागला, तेव्हा त्यात थोडी जाड तार घातली गेली. हा उपाय आपल्याकडे इतका सर्रास चालतो की तो धोक्याचा आहे हे सांगितले तर लोक हसतात! फ्यूज उडतो तो तार वाचवण्यासाठी. त्याला उडूच दिले नाही, तर त्याच्याऐवजी भिंतीवरची तार तापते.

हिशेब अवघड नाही. एक हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेते. तीन इस्त्र्यांचे तेरा झाले. पंधराशे वॅटची किटली लावली की आणखी साडेसहा. मोटार चालू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते, ती वेगळीच. आणि तारेतून जाणारी वीज दुप्पट झाली की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. शिवणवर्गाच्या बाईंनी एकदा बोर्डाला हात लावून पाहिला, तर तो इस्त्रीच्या मुठीसारखा कोमट लागला. मग मात्र सभा बोलावली गेली.

सभेत ठरले की काम आपणच करायचे. मजुरी वाचेल, मुले शिकतील. चिटणीसांचे म्हणणे असे, की परवानाधारक कंत्राटदाराला शेवटी बोलवू, सही घेऊ, म्हणजे झाले. कंत्राटदार साठी ओलांडलेले, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी सरळ नकार दिला. ‘‘दुसऱ्यांनी भिंतीत पुरलेल्या कामावर मी सही करणार नाही. पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं असेल तर सांगा. मजुरी मी कमी घेईन, पण येईन रोज.’’

चिटणीसांना राग आला, हे नोंदवलेच पाहिजे. आमच्या मते काकांचेच बरोबर होते, आणि कायदाही तेच सांगतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत घरातली वा संस्थेतली नवी जोडणी, वाढ किंवा फेरबदल परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावेत अशी अट होती. त्यांच्या जागी २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नवे सुरक्षा विनियम आले, पण हा दंडक कायम राहिला. परवाने ज्या त्या राज्याचे शासन देते, त्यामुळे तुम्ही इंदूरला असा की बेळगावला, चौकशी तिथलीच करायची.

पण म्हणून स्वयंसेवकांना काम उरत नाही असे मुळीच नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी प्रत्येक यंत्राच्या पाटीवरचे वॅट वहीत उतरवून घेतले. त्या यादीवरून काकांनी दिव्यांचा, इस्त्र्यांचा आणि मोटारींचा मार्ग वेगळा केला. इस्त्रीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटांना अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जड यंत्राला चारची. जुन्या अॅल्युमिनियमला नवे तांबे पिळून जोडायचे नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. असा सांधा काही दिवसांनी सैल पडतो आणि तिथेच ठिणगी पडते. भिंतीत चर मारणे, पाइप बसवणे, त्यातून तारा ओढणे, दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवणे हे सारे मुलांनी केले. त्या काळात मेन स्विच बंद करून त्याला कुलूप असे आणि किल्ली काकांच्या खिशात.

बाईंनी एक गोष्ट सुचवली, ती कोणा पुरुषाच्या ध्यानात आली नव्हती. सॉकेट टेबलाच्या उंचीवर हवे, जमिनीलगत नको. वायर पायात आली की बाई पडते आणि इस्त्रीही पडते. दिवा डाव्या बाजूने हवा, नाहीतर सुईवर हाताची सावली येते.

अशा रीतीने शिकणे होते का, असे कोणी विचारील. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले सुतारकाम, वेल्डिंग, शेती यांच्या जोडीने विजेची फिटिंगही प्रत्यक्ष हाताने करून शिकतात. मात्र शेजारी जाणता माणूस उभा असावा लागतो.

तो का उभा असावा लागतो, हे या खोलीत शेवटच्या दिवशी कळले. जोडणी संपली, दिवे लागले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. ‘‘काका, सगळं चालतंय!’’

‘‘चालतंय ते दिसतंय,’’ काका म्हणाले आणि एकेक सॉकेट उघडू लागले. चौथ्या सॉकेटात हिरवी तार दुमडून मागे सारलेली होती, स्क्रूखाली गेलीच नव्हती. त्या सॉकेटावर इस्त्री उत्तम तापली असती, ड्रिल झकास फिरले असते. अर्थिंग नसताना काहीही बंद पडत नाही. इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरते त्या दिवशीच ती चूक बोलते, आणि तेव्हा हात कोणाचा असेल ते सांगता येत नाही. म्हणून ज्याने जोडले त्याने तपासायचे नाही, दुसऱ्याने तपासायचे.

मग काकांनी मेगर काढले. ५०० व्होल्टचा दाब मिनिटभर देऊन तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये निदान एक मेगओहम रोध मिळतो का, ते प्रत्येक मार्गावर पाहिले आणि आकडे कागदावर लिहिले. वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घेण्याच्या अर्जाला तोच कागद जोडला गेला.

बोर्डावर आता दोन प्रकारची उपकरणे आहेत आणि त्यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. एमसीबी तार वाचवते. भार वाढला की ती पडते. माणसाला वाचवणारी ती आरसीसीबी. जाणारी आणि परतणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठून तरी जमिनीत निसटते आहे असे दिसले, की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरले, तर तिला फरक दिसणार नाही, तेव्हा तिच्या भरवशावर चालू तारेला हात लावू नये.

त्या आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण आहे. ते दाबून उपकरण पडते की नाही, हे अधूनमधून पाहायचे असते. हे काम कोणाकडे, असा प्रश्न निघाला तेव्हा चिटणीसांनी दुसऱ्याच विषयावर बोलायला सुरुवात केली. शेवटी शिवणवर्गाने ते घेतले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी इस्त्र्या लावण्याआधी बाई बटण दाबतात, आणि मापांच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून सही करतात.