घागर भरली, नदीचे काय?

काळम्मावाडी धरणातून थेट नळाने आणलेले पाणी २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास कोल्हापुरात पोहोचले आणि नागरिकांची एक जुनी मागणी पूर्ण झाली. त्या आनंदावर विरजण घालण्याचे कारण नाही. तथापि घरात आलेले पाणी घरात राहत नाही. नगर अभियंत्यांच्या रूढ हिशेबानुसार पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाणी आणण्याची प्रत्येक योजना ही अपरिहार्यपणे सांडपाण्याचीही योजना असते. पहिलीचा समारंभ होतो, दुसरीचा होत नाही, इतकेच.

शहराचे सांडपाणी प्रामुख्याने जयंती आणि दुधाळी या नाल्यांवाटे पंचगंगेकडे जाते. त्यावर प्रक्रिया करण्यासाठी कसबा बावडा येथे प्रतिदिनी ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे उभी आहेत. तेव्हा काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु केंद्र बांधणे निराळे आणि ते अहोरात्र चालविणे निराळे. जयंती नाल्याचे पाणी बावड्यास न्यावे लागते ते पंपाने उपसून. वीज गेली, पंप बिघडला किंवा पावसाने नाला फुगला, की तेच पाणी बंधाऱ्यावरून नदीत उतरते. केंद्रात पोहोचलेल्या पाण्यातही जिवाणूंनी घाण खावी म्हणून सतत हवा खेळती ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा वीजच. बांधकामास शासनाचे अनुदान मिळते. विजेचे बिल मात्र दरमहा पालिकेच्या तिजोरीतून जाते. इमारतीला कोनशिला लाभते, बिलाला लाभत नाही.

या प्रश्नाचे मूळ अर्थशास्त्रीय आहे. खर्च एकाने करावयाचा आणि लाभ दुसऱ्यास व्हावयाचा, अशी नदीची रचनाच आहे. कोल्हापूरची बालिंगा व शिंगणापूर येथील उपसा केंद्रे शहराच्या वरच्या अंगास आहेत. नाल्यांचे पाणी वाहते ते खाली, इचलकरंजीच्या दिशेने. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची भीषण साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. दूषित पाण्याची किंमत कोण मोजतो, हे त्या वेळी दिसले. इचलकरंजीचेही हात स्वच्छ नाहीत. तिचे सांडपाणी शिरोळ तालुक्याच्या वाट्यास येते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. आता कोल्हापूर दुधगंगेच्या खोऱ्यातील पाणी पिऊ लागले, म्हणजे पंचगंगेशी असलेला त्याचा स्वार्थाचा उरलासुरला धागाही विरळ झाला.

पालिकेजवळ पैसा नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण न केलेला खर्च नाहीसा होत नाही. तो खालच्या गावांत औषधपाण्याच्या आणि बुडालेल्या रोजंदारीच्या रूपाने वसूल होतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने बंदी घातली. १९७७ च्या कायद्याने पाणी वापरणारे उद्योग व स्थानिक संस्था यांवर उपकर बसविला आणि शुद्धीकरण करणाऱ्यास सवलत ठेवली. वस्तू व सेवा कर आला त्या २०१७ साली तो उपकरही रद्द झाला. बंदी उरली, प्रोत्साहन गेले.

म्हणून पाणीपट्टीत शुद्धीकरणाचा खर्च उघडपणे धरावा. सांडपाण्याच्या नावे जमा होणारी रक्कम अन्य कामाकडे न वळविता केंद्रांची वीज, दुरुस्ती आणि पर्यायी वीजव्यवस्था यांसाठीच राखून ठेवावी. किती पाणी उपसले, किती शुद्ध केले आणि पंप किती तास बंद होते, याचे आकडे रोज प्रसिद्ध व्हावेत. घरफाळा भरणाऱ्या नागरिकानेही महिन्याला थोडे अधिक देण्याची तयारी ठेवली पाहिजे, आणि त्या बदल्यात हे आकडे मागण्याचा हक्क बजावला पाहिजे.

त्रिपुरी पौर्णिमेस पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या उजळतात. नदीवरील त्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पणतीचे तेल वर्षातून एका रात्रीचे असते. पंपाची वीज वर्षभर लागते, आणि तिचे पैसे भरण्यातच त्या श्रद्धेची खरी कसोटी आहे.