चोंदलेले नाक : जुन्या सर्दीकडे नव्या दृष्टीने

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात मृग नक्षत्र लागले की हवेची जातच पालटते. कुंभिवलीसारख्या गावात भिंती ओल धरतात, कपाटातील वस्त्रांना कुबट वास येतो, बारदानावर बुरशीची पांढुरकी साय दिसू लागते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख. या दिवसांत कित्येक घरांत पहाटेच शिंकांची माळ लागते, नाक चोंदते, डोळे चुरचुरतात आणि विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळते : ‘काही नाही, जरा सर्दी आहे.’ ही ‘जरा सर्दी’ दहा-दहा वर्षे चालते. तरीही तिला आजार म्हणण्याची रीत नाही.

विषाणूने होणारी सर्दी साधारणतः सात ते दहा दिवसांत ओसरते. जी त्यापुढेही रेंगाळते, जिच्यासोबत ताप नसतो, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहतो आणि नाक, टाळू, डोळे खाजतात, ती बहुधा ॲलर्जीची सर्दी असते. वैद्यकात तिला ‘ॲलर्जिक ऱ्हायनायटिस’ म्हणतात. आठवड्यातून चार दिवसांहून अधिक आणि सलग चार आठवड्यांहून अधिक त्रास होत असेल, तर ती चिवट स्वरूपाची मानली जाते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘प्रतिश्याय’ या विकाराला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे आणि उपेक्षा केल्यास तो ‘दुष्ट’ होतो, असा इशाराही आहे. इंग्लंडमध्ये जॉन बोस्टॉक या वैद्याने 1819 साली स्वतःच्याच शरीरावरील लक्षणे नोंदवून या विकाराचे नेमके वर्णन केले. तात्पर्य, विकार जुना आहे. त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवयही तितकीच जुनी आहे.

या पट्ट्यात नाकाला उसंत देणारा ऋतू क्वचितच येतो. पावसाळ्यात ओल आणि बुरशीचे बीजाणू. आश्विन-कार्तिकात भाताची कापणी, झोडणी आणि पेंढ्याची धूळ. उन्हाळ्यात शेतात राब भाजण्याचा धूर. आणि बारमाही महामार्गावरील वाहने व खोपोलीच्या परिसरातील कारखाने. व्यापारी कुटुंबांत यात व्यवसायाची भर पडते. धान्याच्या गोणी झटकणे, पीठ चाळणे, मिरची-मसाल्याचे पोते सोडणे, कापडाचे जुने गठ्ठे उलगडणे ही कामे करणाऱ्याच्या नाकात दिवसभर सूक्ष्म कण जात राहतात. मिरचीचा खकाणा, उदबत्ती वा धूप यांचा धूर ही नेहमीच ॲलर्जी नसते. पण आधीच सुजलेल्या अस्तराला तेवढा डिवच पुरेसा होतो. रविवारी दुकान बंद असताना नाक मोकळे आणि सोमवारी गादीवर बसताच बंद, असे घडत असेल तर कारण घरात नव्हे, वखारीत शोधावे.

या विकाराची खरी किंमत नाकापुरती नसते. रात्री तोंडाने श्वास घेणाऱ्याची झोप तुटते. दिवसा हिशेबात चूक होते, चिडचिड वाढते. मूल वर्गात पेंगते आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का बसतो. शिवाय नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वासमार्गाची दोन टोके आहेत. ॲलर्जीची सर्दी असणाऱ्यांत दम्याचे प्रमाण अधिक आढळते आणि नाकाचा उपचार ढिला पडला की दमाही आवरेनासा होतो.

सर्वांत मोठा सापळा मात्र औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या थेंबांचा आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब घातले की काही मिनिटांत नाक उघडते. हे थेंब अस्तरातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात. परंतु काही दिवसांनी परिणाम उलटतो. थेंबांचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा अधिक फुगते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. म्हणून पाच ते सात दिवसांपलीकडे हे थेंब वापरू नयेत. गल्ल्याच्या खणात आणि उशाशी अशी बाटली बाळगणारे अनेक गृहस्थ ज्या बंद नाकावर उपाय करीत असतात, ते नाक त्या उपायानेच बंद झालेले असते. ही सवय सुटते. मात्र ती कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या सल्ल्याने सोडावी.

दीर्घकालीन उपचारात आज पहिला मान नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्याला आहे. फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही त्यांतील परिचित नावे. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने घाबरण्याचे कारण नाही. योग्य मात्रेत या फवाऱ्यांचा फार थोडा अंश रक्तात उतरतो. पण ते तत्काळ गुण देत नाहीत. पूर्ण परिणामास काही दिवसांपासून दोन आठवडे लागू शकतात. ‘चार दिवस मारला, फरक नाही’ म्हणून फवारा टाकून देणे हीच सर्वसाधारण चूक. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारावे, नळीचे तोंड मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूस असावे. शिंका व खाज यांवर सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे झोप आणतात; ती घेऊन बोरघाटात गाडी चालवणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजेच जलनेती, हा स्वस्त आणि हितकर पूरक उपाय. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चमच्याहून किंचित कमी मीठ पुरे. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे. कच्च्या पाण्यातून क्वचित मेंदूवर हल्ला करणारा अमीबा नाकावाटे शिरू शकतो. जैन घरांत उकळलेले पाणी सिद्धच असते, ही मोठी सोय. परंतु लवंग वा राख टाकून प्रासुक केलेले अथवा केवळ गाळलेले पाणी या कामी चालणार नाही.

येथे एक प्रश्न जैन वाचकाच्या मनात येणारच. घरातील धुळीची ॲलर्जी बहुतांशी अंथरुणात राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे होते, हे 1964 च्या सुमारास नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले. मग त्यांचा संहार करावा काय? जयणेचा मार्ग येथे आरोग्याच्या मार्गाशी जुळतो. हे जीव हवेतील ओलाव्यावर वाढतात. म्हणून जीवोत्पत्तीच होणार नाही इतकी कोरडी, मोजक्या सामानाची आणि हवेशीर खोली राखावी. गादी-उशीला घट्ट विणीच्या खोळी घालाव्यात, गालिचे व जाड पडदे कमी करावेत, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, गोणी भिंतीपासून दूर आणि लाकडी पाटांवर रचाव्यात. पावसाळ्यात पूर्ण कोरडेपणा साधणार नाही; पण जेवढा साधेल तेवढा लाभ.

औषधांविषयी आणखी दोन बाबी. अनेक कॅप्सूलांचे वेष्टन प्राणिज जिलेटिनचे असते, वाफेसाठी वापरल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलांचेही. या विकाराची बहुतेक औषधे गोळी वा फवारा या रूपांत मिळत असल्याने डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. चौविहार पाळणाऱ्यांनी वा पर्युषणात उपवास करणाऱ्यांनीही वेळापत्रक आधी ठरवून घ्यावे. दिवसातून एकदा मारायचा फवारा सकाळीही चालतो. औषध परस्पर बंद करणे मात्र टाळावे.

एकाच बाजूचे नाक सतत बंद राहणे, रक्त येणे, वास कळेनासा होणे, चेहरा दुखणे, मुलाचे घोरणे किंवा धाप लागणे, यांपैकी काही असल्यास तपासणी लांबवू नये. वाकडा पडदा, मांसवाढ, ॲडिनॉइड अशी अन्य कारणे निघू शकतात. त्वचेवरील चाचणीने ॲलर्जीचे कारण निश्चित झाले, तर 1911 साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी आरंभिलेली इम्युनोथेरपीची वाटही खुली आहे. तिला साधारण तीन ते पाच वर्षांचा संयम लागतो. व्यापारी माणूस बुडीत खाते वर्षानुवर्षे तसेच पुढे ओढत नाही. तो बसून कारण शोधतो. नाकाच्या खात्यालाही तोच न्याय लावावा.