गणिताची गट्टी : एक खांब राहिला!
‘१०० पासून २०० पर्यंत, दोन्ही धरून, ५ ने भाग जाणाऱ्या संख्या किती?’ बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीने २०० तून १०० वजा केले, ५ ने भागले आणि २० वर खूण केली. पर्यायांत २० होतेच! सराव परीक्षेत गुण गेला, वर पाव गुण कापला.

मुलांनो, दहा फूट कुंपणाला फुटाफुटावर खांब लावले, तर अकरा लागतात. इथेही तसेच.

रीत सोपी: २०० पर्यंत ५ च्या पटी ४०. त्यांतून ९९ पर्यंतच्या १९ वजा करा; १०० पर्यंतच्या नव्हे, कारण १०० मोजायचाच आहे. उत्तर २१.

आता ८ ने करून पाहा. १२ आले तर पुन्हा मोजा. १३ आले तर शाबास!