प्रत्येक कंबरदुखी कष्टाचीच नसते

आयुष्यभर हमाली, बिगारी, सफाईचे काम केलेल्या माणसाची कंबर साठीनंतर दुखू लागली, की आपण म्हणतो, ‘कष्टाचे शरीर आहे, दुखणारच.’ बहुतेक वेळा ते खरेही असते. पण जोडीला लघवी अडखळत होत असेल आणि हाडांचे दुखणे रात्री पडल्यावरही थांबत नसेल, तर बाम चोळून गप्प बसू नये, असे आमचे मत आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरल्याचा हा इशारा असू शकतो.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. मुख्यतः वृषणात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर ती पोसते. नवे हाड घडवायला लावणारा पदार्थ हाडातच असतो, हे अमेरिकेतील डॉ. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवले. पुढे ही प्रथिने ओळखली गेली. त्यांतली काही प्रोस्टेटमध्येही सापडली आणि काहींवर संप्रेरकांचा ताबा असल्याचे दिसले. कॅन्सरच्या पेशी मणक्यात, कमरेच्या हाडात पोचल्या, की अशा प्रथिनांच्या मदतीने तिथे वेडेवाकडे हाड वाढते. एक्स-रेमध्ये ते दाट, पांढरे दिसते. पण ते कमकुवत असते, दुखते आणि मोडूही शकते.

यावर उपाय आहे. टेस्टोस्टेरॉन बंद केले, की बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो, दुखणे उतरते. डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१ साली सिद्ध केले; १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यासाठी ठरावीक मुदतीने इंजेक्शने घेता येतात किंवा एकदाच वृषण काढण्याचे छोटे ऑपरेशन करता येते. ऑपरेशन स्वस्त पडते. पण ‘मर्दानगी जाईल’ म्हणून कित्येक जण ते टाळतात आणि इंजेक्शनाचा खर्च झेपला नाही, की उपचारच सोडतात. इच्छा कमी होते, हे खरे. पण माणूस कमी होत नाही. कुटुंबाने हे त्याला समजावले पाहिजे.

या उपचाराने उरलेली हाडेही विरळ होतात. म्हणून रोज चालणे, तंबाखू-दारू सोडणे, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारणे गरजेचे. पायांतली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. बायकांच्या तपासणीबद्दल आता वस्तीत उघड बोलले जाते. बाबांना, आजोबांना ‘लघवी नीट होते का?’ एवढे विचारायला आपण का लाजावे?