चोरिस, चोर आणि लोणचं

गेल्या महिन्यात आई सानगडीहून आठ दिवसांसाठी पुण्याला आली होती. दुसऱ्याच दिवशी तिने फ्रीज उघडला आणि विचारलं, "हे लाल मन्यायची माळ कायची होय रे?"

ती माळ माझ्या मडगावच्या रूममेटची. गोव्याचं चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. मी क्षणाचाही विचार न करता ठोकून दिलं, "लोणचं आहे गं, गोव्याचं."

रूममेट मागेच उभा होता. काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र फ्रीजमधून माळ गायब! ऑफिसातल्या मित्राकडे ठेवून आला होता पठ्ठ्या. मला उगाच चोरट्यासारखं वाटायला लागलं. मग सवयीप्रमाणे वीकेंड शब्दकोशांत घालवला. (बग सापडला की आधी लॉग बघायचा, तसं.)

सॉसेज हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, पण मूळ लॅटिन 'साल्सुस', म्हणजे खारवलेलं. त्यात 'साल' म्हणजे मीठ. सॉस, सालसा, सलामी, सॅलड, सगळी याच खानदानातली पोरं. आपल्याकडे काय? लवणाचं झालं लोण आणि लोणापासून लोणचं. म्हणजे दोन्ही नावं एकच सांगतात: मीठ लावून टिकवलेलं. च्यायला, मी तर खरंच बोललो होतो!

चोरिसची कथा आणखी भारी. हा शब्द पोर्तुगीज 'शोरिसू'वरून आला, ज्यांच्याकडून आपण पाव, बटाटा, चावी आणि (महिनाअखेरीला आठवणारा) पगार हे शब्द घेतले. त्याचा स्पॅनिश भाऊ चोरिथो. स्पेनमध्ये बोलीभाषेत चोरिथो म्हणजे भुरटा चोर! पण हा अर्थ सॉसेजमधून आलेला नाही. तो तिथल्या रोमा लोकांच्या 'चोरी' या शब्दावरून आला. रोमांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघाले, तेव्हा आपला 'चोर' सोबत घेऊन गेले. तो तिकडे नेमका सॉसेजच्या नावात जाऊन लपला.

असो. पण शब्दकोशाने सुटका केली म्हणून माझं वागणं बरोबर ठरत नाही. मी लोणचं म्हणालो ते व्युत्पत्ती ठाऊक होती म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून. आणि लाज कसली? गोव्यात मीठ, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण लावून मांस आतड्यात भरतात, दोऱ्याने गाठी मारतात आणि वाळवतात. पावसाळ्यात ताजं मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यातच बेगमी. तिकडे या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. आमची आई एप्रिल-मेच्या उन्हात कुरडया घालते, सांडगी मिरच्या भरते आणि बाजारातून वाळलेले झिंगे आणून डब्यात कोंबते. गणित तेच.

झिंग्यांवरून आठवलं. कॉलेजच्या होस्टेलवर मी एकदा तो डबा उघडला होता. अख्ख्या मजल्याने नाकाला रुमाल लावला. डबा कपड्यांच्या खाली लपवून ठेवायला लागला मला, पुढचे तीन महिने. तेव्हा मी किती चिडलो होतो! आणि आज रूममेटला नेमकं तेच करायला लावलं, तेही तोंडाने एक शब्द न बोलता. आपल्या डब्यातला तो 'गावचा वास' आणि दुसऱ्याच्या डब्यातली ती नुसती घाण, हे मला मान्य नाही. न खाणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. आई खाणार नाही, मीही तिला खा म्हणणार नाही. पण नाव लपवायचं कशाला?

परवा आईला फोनवर खरं सांगून टाकलं. दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, "मंग तवाच काहून नाही सांगितलंस? आठ दिवस त्या पोरानं काय खाल्लं असन?"

रूममेटला हे सांगितलं तर तो हसला. माळ अजून मित्राच्याच फ्रीजमध्ये आहे म्हणे. शनिवारी आणायला जातोय, दोघंही.