वाहनांचा शृंगार : छंद कीं छचोरपणा?

प्रस्तुत लेखकाचें बिऱ्हाड ठाण्याच्या नौपाड्यांत, गोखले रोडला मिळणाऱ्या एका गल्लींत आहे. दिवाळीच्या पहाटे राममारुती रोडवर व तलावपाळीवर तरुण-तरुणींचा जो मेळा भरतो, तो ठाणेकरांस नवा नाहीं. अभ्यंगस्नान करून, नवीं वस्त्रें लेऊन आलेल्या या मंडळींत फटफट्यांचाहि एक तांडा असतो, आणि त्यांतल्या निवडक फटफट्यांच्या धुराड्यांतून असे बार निघतात कीं, फटाक्यांनीं लाजावें. चार वर्षांपूर्वीं अशाच एका पहाटे आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ, हृदयविकाराचे रोगी, त्या आवाजानें बिछान्यांत दचकून उठले व त्यांच्या घरची दिवाळी दवाखान्यांत साजरी झाली. गल्लीनें पोलिसांकडे अर्ज करण्याचें ठरविलें, आणि लिहिण्याची संवय असलेला माणूस म्हणून तो मजकूर सजविण्याचें काम माझ्याकडे आलें. त्या अर्जांत मीं एक वाक्य मोठ्या हौसेनें घातलें : ‘वाहनांच्या मूळ रचनेंत फेरफार करण्याचें हें पाश्चात्त्य खूळ आमच्या संस्कृतीशीं सर्वस्वीं विसंगत असून त्याचा समूळ उच्छेद व्हावा.’ वाक्य सर्वांस फार आवडलें. परंतु तें खोटें होतें, आणि त्याची किंमत भलत्याच माणसानें दिली. म्हणून हा लेख.

आवाजाची तक्रार मी मागें घेत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. माझा वाद आहे तो त्या वाक्याशीं, आणि तें वाक्य ऐकून ज्यांनीं माना डोलविल्या त्या आम्हां सज्जनांशीं.

प्रथम हें खूळ पाश्चात्त्य आहे काय, तें पाहूं. पोळ्याच्या दिवशीं बैलांचीं शिंगें रंगवून, त्यांस बेगड व गोंडे लावून, पाठीवर झूल घालून त्यांस मिरविणारा शेतकरी कोणत्या विलायतेस जाऊन आला होता? शर्यतीचा छकडा घ्या. ओझें वाहणाऱ्या बैलगाडींतून वेगाच्या आड येणारें जें जें असेल तें तें काढून टाकल्यावर जो हलका सांगाडा उरतो, तो हा छकडा. सांगली-कोल्हापूरकडे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात, आणि आपली रिक्षा त्यांत उभी करण्यासाठीं पोटाला चिमटा घेऊन तिला नटविणारे चालक तेथें आहेत. दसऱ्याच्या दिवशीं झेंडूची माळ न घातलेली मोटार नौपाड्यांत तरी माझ्या पाहण्यांत नाहीं. वाहन हें जिवाचें सोबती मानून त्याला आपल्या मनाप्रमाणें घडविण्याची वृत्ति आमच्याकडे मोटारीच्या आधींपासून आहे.

आतां ज्यांच्या नांवानें आपण बोटें मोडतों त्या अमेरिकनांकडे वळूं. दक्षिण कॅलिफोर्नियांत हा छंद वाढला तो १९३० नंतरच्या मंदीच्या दशकांत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारी १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींपर्यंत निघाल्या होत्या व त्यांचे सांगाडे भंगारांत कवडीमोलानें मिळत. १९३२ सालीं त्याच कंपनीनें आठ सिलिंडरांचें इंजिन सामान्य माणसाच्या मोटारींत आणलें. खिशांत पैसा नसलेल्या पोरांनीं एकीचा सांगाडा व दुसरीचें इंजिन यांची गांठ मारली, मडगार्डें व टप काढून फेंकले, आणि म्युरॉकसारख्या आटलेल्या सरोवरांच्या सपाट पात्रांत त्या गाड्या पळविल्या. त्यांनाच पुढें ‘हॉट रॉड’ हें नांव पडलें. शर्यतीचा छकडा तो हाच. बैल तेवढे निराळे.

परंतु खरा बोध पुढेंच आहे. हीं पोरें सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावूं लागलीं, अपघात झाले, आणि तेथील सज्जनांनींहि आमच्यासारखाच उच्छेदाचा घोष केला. तेव्हां काय झालें? छंदिष्टांच्या मंडळांनीं १९३७ सालींच एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था उभारली होती. वेग मोजावयाचा कसा व शर्यत लावावयाची कोठें, याचे नियम त्यांचे त्यांनींच केले. १९४८ च्या जानेवारींत ‘हॉट रॉड’ नांवाचें मासिक निघालें. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापिली, ती शर्यत रस्त्यावरून उचलून आंखलेल्या मैदानावर नेण्यासाठींच. तपासणींत जी गाडी उतरणार नाहीं, ती धांवणार नाहीं, असा दंडक पडला. त्या दिवसापासून छंदाची परंपरा झाली. परंपरा नुसती जुनेपणानें होत नाहीं; छंदिष्ट स्वतःला नियम घालून घेतो तेव्हां ती सुरू होते.

त्यानंतरच्या फॅशनींची कथा गमतीची आहे. १९५० च्या सुमारास मोटारीचें छत कापून ती ठेंगणी करावी, सांगाडा जमिनीलगत उतरवावा आणि शिशानें सांधे बुजवून पत्रा आरशासारखा करावा, ही तऱ्हा आली. बॅरिस बंधूंनीं बॉब हिरोहाता यांच्यासाठीं अशी घडविलेली १९५१ सालची मर्क्युरी आजहि आदर्श मानली जाते. पुढें चकचकीत रंगांचें युग आलें, १९८० नंतर घोटीव ॲल्युमिनियमच्या महागड्या सुट्या भागांचें आलें, आणि तेव्हां लक्षांत आलें कीं, भंगारांतून जन्मलेला छंद आतां फक्त धनिकांस परवडतो. त्याची प्रतिक्रिया म्हणून जी ‘रॅट रॉड’ निघाली, तिनें गंजका पत्रा तसाच ठेवून मूळ गरिबीचा जयजयकार केला. इथपर्यंत ठीक होतें; पण पुढें गंज नसलेल्या पत्र्यावर रंगानें गंज चितारणारे निघाले! आमच्या कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेंत ज्यांच्या मोटारीचा तळ चार पावसाळ्यांत चाळणीसारखा झाला आहे, त्यांना ही हौस समजावून सांगणें कठीण. परंतु मूळ प्रसंग नाहींसा झाला म्हणजे त्याची खूण विकत मिळूं लागते, हा न्याय सर्वत्र सारखाच आहे.

आम्ही सज्जन या न्यायाच्या बाहेर आहोंत काय? माझ्या लहानपणीं आमच्या घरीं पद्मिनी होती. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची ती मोटार दारांत उभी राहिली, आणि वडिलांनीं पहिल्याच महिन्यांत तिच्या खिडक्यांस पडदे, आसनांस प्लॅस्टिकचीं आच्छादनें, पुढच्या फळीवर केसाळ मखमल आणि तिच्यावर मान हलविणारा एक कुत्रा, एवढा शृंगार केला. पुढें मोटार मागें घेतांना आरतीची धून वाजवूं लागली. माझ्या पिढीनें कांचांस काळी फिल्म लावली. ती सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बंद केली. पुढच्या बाजूस लोखंडी नळ्यांचें कुंपण लावलें. तेंहि पादचाऱ्यांच्या जिवावर उठतें म्हणून केंद्र सरकारनें २०१७ च्या अखेरीस निषिद्ध ठरविलें. हे फेरफार डॉक्टरांनीं, वकिलांनीं आणि प्राध्यापकांनीं केले होते. त्यांस आम्ही कधीं खूळ म्हटलें नाहीं; ‘ॲक्सेसरीज’ म्हटलें. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हां त्याच पडद्यांची व त्याच मखमलीची आठवण काढून आमचे डोळे पाणावले. कालचा छचोरपणा आज वारसा झाला. फरक पडला तो आमच्या वयांत.

पण याच मापानें शौकिनांसहि मोजलें पाहिजे. ‘बुलेटचा आवाज हीच आमची परंपरा’ असें हे तरुण छाती पुढें काढून सांगतात. फटफटी हा शब्दच मराठीनें त्या यंत्राच्या आवाजावरून घडविला आहे, हें खरें. पण तो शब्द ज्या आवाजावरून आला तो यंत्राच्या श्रमाचा होता. आज गल्लींत फुटतो तो बाजारांतून पिशवींत आणलेला आवाज आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेंत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघणाऱ्या स्त्रियांचें मला कौतुकच वाटतें. परंतु ही यात्रा डोंबिवलींत १९९९ सालीं सुरू झाली हें ठाऊक असूनहि तिला जो ‘प्राचीन परंपरा’ म्हणतो, त्याला परंपरेचें प्रेम आहे असें मला वाटत नाहीं. वृत्त ज्याच्या हातांत बसलेलें आहे त्यानें तें मोडलें तर तो मुक्तछंद. ज्याला गणमात्राच कळत नाहींत त्याच्या ओळी मोडक्या, एवढेंच. वाहनाचेंहि तसेंच आहे.

हा भेद मला ज्यानें शिकविला तो आमच्याच गल्लीच्या तोंडाशीं पत्र्याच्या शेडमध्यें काम करणारा एक मिस्त्री. अर्ज देण्याच्या कांहीं दिवस आधीं मीं त्याला सहज विचारलें कीं, हा सायलेन्सर बदलल्यानें गाडीचा जोर खरोखर वाढतो काय? हातांतला पाना खालीं न ठेवतां तो म्हणाला, “सर, आवाज वाढला म्हणजे जोर वाढला असं नाही. आतले पडदे काढले की धूर मोकळा सुटतो, पण इंजिनाचं बाकीचं गणित तसंच राहतं. उलट गाडी तापते. मी असली कामं घेत नाही.” तो जें काम घेई तें निराळें होतें. पायानें अधू असलेल्या माणसांच्या स्कूटरला मागें दोन जादा चाकें बसवावयाचीं, पायाचा ब्रेक हातांत आणावयाचा, आणि कोणाच्या कोणत्या हातांत किती बळ आहे तें पाहून दांडा वांकवावयाचा. दहा जणांसाठीं दहा तऱ्हांचें काम. अमेरिकेंत ज्याला ‘कस्टम’ म्हणतात त्याचा याहून शुद्ध नमुना मला ठाऊक नाहीं.

आमच्या अर्जावर कारवाई झाली. बार काढणाऱ्या मुलानें दंड भरला, आणि महिन्याभरानें दुसरा सायलेन्सर लावून तो पुन्हां हजर झाला. पण ‘वाहनांच्या रचनेंत फेरफार’ हे माझे शब्द शोधीत जो अधिकारी आला, त्याला गल्लींत उघड दिसणारें ठिकाण एकच होतें. शेडमध्यें तीन स्कूटरी अर्धवट उघडलेल्या उभ्या होत्या. चौकशा, खेपा आणि जागेच्या मालकाला वाटलेली भीति, यांच्यापुढें मिस्त्रीनें दोन महिन्यांत गाशा गुंडाळला. चोर सोडून संन्याशाला सुळीं दिलें, आणि त्या सुळाचें टोंक मीं माझ्या लेखणीनें घासून दिलें होतें.

अधिकाऱ्यास मी दोष देत नाहीं, कारण कायद्याचें मापच ढोबळ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें मूळ दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं हेंच कडक शब्दांत बजावलें, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. सुरक्षिततेसाठीं असा निर्बंध हवा, याविषयीं वाद नाहीं. अपंगांच्या वाहनांस व ठराविक इंधनबदलास कायद्यानें वाटहि ठेविली आहे. परंतु ती मंजुरीच्या कागदांतून जाते, आणि कागद हा मिस्त्रीचा प्रांत नव्हे. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवितात, वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें, आणि आम्ही समाधानानें चहा पितों. तसले सायलेन्सर उघड्यावर विकणाऱ्या दुकानांचें छायाचित्र मात्र आमच्या पाहण्यांत येत नाहीं.

नियम करून छंदास वाट देणें आम्हांस जमत नाहीं, असेंहि नाहीं. बैलगाडा शर्यत २०१४ सालीं बंद झाली, तेव्हां परंपरेच्या नांवानें आम्ही कायदा बदलला, अटी घातल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा वैध ठरविला. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले आमचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठीं स्वतः गाडी घडवितात, परीक्षक ती तपासतात आणि मग ती मैदानांत धांवते. त्यांचें आम्ही अभिनंदन करतों. मग पदवी नसलेल्या हातांनीं तेंच केलें तर तो गुन्हा कां व्हावा? आवाज यंत्रानें मोजावा व मर्यादेबाहेरचा सायलेन्सर विकणाऱ्यास आधीं धरावें. तंत्रनिकेतनांत व आय.टी.आय.मध्यें तपासणीची सोय करावी. मिस्त्रीनें केलेलें काम तेथें दाखवावें, तें उतरलें तर त्याचा दाखला त्याच्या नांवानें मिळावा. आपल्या कामाखालीं ज्याला सही करावयाची आहे, तो वाईट काम सहसा करीत नाहीं. हें आम्हां लेखणी चालविणारांस तरी कळावयास हवें होतें.

तो मिस्त्री आतां दिव्याकडे कोठेंतरी काम करतो, असें ऐकतों. आमच्या गल्लींतले एक गृहस्थ परवां आपल्या चार चाकांच्या स्कूटरचा हातब्रेक दुरुस्त करून घेण्यासाठीं चार दिवस वणवण हिंडले, आणि शेवटीं ती दाराशीं झांकून ठेवून रिक्षानें कचेरींत जाऊं लागले. तेव्हां मीं जुन्या अर्जाची प्रत काढली आणि पोलीस ठाण्यांत नवा अर्ज दिला. आवाजाविषयींचीं सर्व वाक्यें त्यांत जशींच्या तशीं आहेत. संस्कृतीविषयींचें तेवढें मीं खोडलें आहे. त्यावर सह्या करावयास गल्लींतून अद्याप तिघेच पुढें आले आहेत.