‘गिटार बंद करा’ हा उपचार नव्हे

काही वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखत होते. तरुणपणी राहून गेलेली हौस म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर गिटारचा क्लास लावला होता. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसली. मी त्यांना वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, “या वयात कशाला हा व्याप? बंद करा गिटार.”

दोन वर्षांनी ते रक्तदाब तपासायला आले. मी सहज विचारले, “काय म्हणते गिटार?”

“भाच्याला देऊन टाकली. तुम्हीच सांगितलं होतंत ना, डॉक्टर?”

“आणि अंगठा?”

“तो दुखतोच की! डबा उघडताना, टॉवेल पिळताना.”

म्हणजे माझ्या सल्ल्याने त्यांचे दुखणे गेलेच नव्हते, गेली होती ती फक्त गिटार. तेव्हापासून ‘वाजवणे बंद करा’ हे वाक्य मी फार जपून वापरतो. माझे स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा हा उपचार नसतो. डॉक्टरांनी विचार करायचा कंटाळा केलेला असतो.

याच्या अगदी उलट सल्ला क्लासमध्ये मिळतो: “दुखल्याशिवाय काही येत नाही, रेटून वाजव.” हाही तितकाच चुकीचा. वेदना हा शरीराचा निरोप आहे. तो आधी वाचा, मग काय करायचे ते ठरवा.

कोणते दुखणे चालेल, कोणते नाही?

नवीन शिकताना बोटांची टोके दुखतात. तारेने कातडीवर दाब येतो, तीन-चार आठवड्यांत तिथे घट्टे पडतात आणि दुखणे थांबते. रोज थोडे वाजवत राहा, कातडी फाटली तर दोन दिवस थांबा, एवढे पुरे.

बोटांची पेरे, मनगट, अंगठ्याचे मूळ किंवा कोपर दुखत असेल तर मात्र ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका. सांध्यांना आणि टेंडनना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) घट्टे पडत नाहीत. ते सुजतात.

कॉलेजच्या गॅदरिंगआधी तीन आठवडे रोज चार-चार तास वाजवून मनगट धरून आलेला एक विद्यार्थी मला आठवतो. अंगठ्याच्या बाजूचे टेंडन सुजले होते. एरवी तो दिवसाला अर्धा तास वाजवायचा. दोष गिटारचा नव्हता, एकदम आठपट वाढवलेल्या सरावाचा होता. शिवाय उरलेल्या वेळात त्याच अंगठ्याने मोबाइल चालूच होता!

हाताने गिटारसाठी झिजायचे नाही

१९६५ साली इंग्लंडमध्ये टोनी आयोमी या तरुण गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कारखान्यातल्या यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटे नेमकी तीच. त्याने त्या बोटांवर घालायला टोपणे बनवली, बारीक तारा लावल्या, पुढे तारा उतरवून सैल केल्या आणि ‘ब्लॅक सबाथ’ या बँडमधून जगभर वाजवले. त्याने हाताला न रेटता वाद्य हाताजोगे करून घेतले. आपल्यालाही हेच करायचे आहे.

*तारा बदला.* अकूस्टिक गिटारच्या नेहमीच्या स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलोच्या घरात असतो, नायलॉनच्या तारांचा ४०च्या आसपास. मात्र स्टीलच्या गिटारला नायलॉनच्या तारा लावू नका. त्यासाठी क्लासिकल गिटार वेगळी मिळते. स्टीलच्याच ठेवायच्या असतील तर ‘एक्स्ट्रा लाइट’ घ्या.

*तारांची उंची तपासून घ्या.* स्वस्त गिटारमध्ये तारा बऱ्याचदा लाकडापासून फार वर असतात आणि दाबताना दुप्पट कष्ट पडतात. वाद्यांच्या दुकानात हे थोड्या खर्चात दुरुस्त करून देतात. माझ्या मते बऱ्याच नवशिक्यांना गोळीच्या आधी याची गरज असते.

*तारा अर्ध्या स्वराने उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा.* सूर तोच राहतो, दाबायला हलके जाते.

*जोर मोजून लावा.* एक प्रयोग करा. तारेवर बोट नुसते टेकवा आणि हळूहळू दाब वाढवा. स्वर स्वच्छ वाजला की थांबा. तेवढाच जोर लागतो, आपण उगाच जास्त लावतो. बोट फ्रेटच्या अगदी लगत ठेवले तर आणखी कमी लागतो.

*अंगठ्याने मान आवळू नका.* चिमटीत एक किलो जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाशी त्याच्या सुमारे बारा पट भार येतो. झिजलेल्या सांध्याला बार कॉर्ड का सोसत नाही, हे यावरून कळेल. दोन-तीन तारांचे सोपे कॉर्ड वापरा. गाणे तेच राहते.

*मनगट सरळ ठेवा.* पट्टा लावा किंवा पायाखाली छोटा स्टूल घ्या, म्हणजे गिटारची मान वर येते आणि मनगट मुडपत नाही.

*विश्रांती घ्या.* वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटे थांबा. सुरुवातीला हात गरम पाण्यात धरा, सोपे वाजवा. सरावाची वेळ आठवड्याला थोडी थोडीच वाढवा.

एक काम कृपया करू नका: वाजवायच्या आधी वेदनाशामक गोळी घेणे. दुखणे दबते, इजा चालूच राहते. आणि रोज घेतलेल्या अशा गोळ्यांचा पोटावर, किडनीवर आणि रक्तदाबावर परिणाम होतो तो वेगळाच.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे?

पुढीलपैकी काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका:

- अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, रात्री हात झटकावा लागतो. मनगटात नस दबत असू शकते.
- बोट वाकवल्यावर अडकते आणि ‘टक्’ करून सुटते.
- सकाळी उठल्यावर बोटे अर्धा-पाऊण तास आखडलेली राहतात, पेरांवर सूज असते. हा संधिवात असू शकतो, त्याचा गिटारशी संबंध नाही. उपचार लवकर सुरू केले तर सांधे वाचतात.
- सांधा लाल, गरम झाला आहे किंवा सोबत ताप आहे. अशा वेळी त्याच दिवशी दाखवा.
- दुखत नाही, पण वाजवताना एखादे बोट आपोआप वाकते, ऐकत नाही.
- वाजवणे कमी करूनही दोन आठवड्यांत फरक नाही.

नस दबणे आणि बोट अडकणे हे त्रास मधुमेह व थायरॉइडच्या रुग्णांमध्ये जास्त दिसतात. म्हणून रक्ततपासणीही करून घ्या. हाताच्या तक्रारीतून पहिल्यांदा मधुमेह सापडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आणि डॉक्टरांकडे जाताना गिटार सोबत न्या. लाजू नका. तुम्ही ती कशी धरता हे पाहिल्यावर जे कळते ते एक्स-रेमध्ये दिसत नाही. डॉक्टरांनी ‘बंद करा’ म्हटले तर शांतपणे विचारा, “किती दिवस? आणि परत सुरू कसं करू?” सुजलेल्या टेंडनला काही दिवस विश्रांती लागतेच, पण त्या विश्रांतीला शेवटची तारीख हवी.

ते बँकेतले गृहस्थ? मी त्यांची माफी मागितली. त्यांनी नायलॉनच्या तारांची गिटार घेतली. आता अंगठ्याला आधाराचा पट्टा लावून सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे वाजवतात. बार कॉर्ड कायमचा सोडला आहे. अंगठा अधूनमधून दुखतो. पण मागच्या वेळी आले तेव्हा अंगठ्याबद्दल एक वाक्य बोलले आणि नव्या बसवलेल्या गाण्याबद्दल दहा.